तांदळाच्या डब्यातलं पिस्तूल

त्या सकाळी घरात तिघंच होतो. मी, वसईची रोझी आणि कासमभाय. घर बहारीनला, मनामाच्या नईम भागातल्या एका गल्लीत, तीन खोल्यांचं. मी जेवायला येणाऱ्या दहा-बारा माणसांचं रांधायची. रोझी हॉस्पिटलात आया. मागच्या खोलीत भाड्यानं कासमभाय, दाभोळचा, चामडं शिवणारा.

भाताला तांदूळ काढायला डब्यात हात घातला, तर हाताला कायतरी घट्ट लागलं. फडक्यात गुंडाळलेलं. सोडून बघते तर पिस्तूल.

मी आधी दाराची कडी लावली. रोझी ड्युटीवरून नुकतीच आलेली, ती बुटांसकट जमिनीवर बसली नि छातीवर क्रूस काढत राहिली. माझा नवरा गेलेला, दोन मुलगे गुहागरला माझ्या आईकडं, त्यांची शाळा, त्यांचं जेवण, सगळं माझ्या व्हिसावर. घरात पिस्तूल सापडलं तर कोण ऐकून घेणार? खलास. दुसऱ्या दिवशी विमानात.

तेवढ्यात कासमभाय नमाज आटपून बाहेर आला. आमची तोंडं बघितलीन, पिस्तूल बघितलंन, नि म्हणाला, "बाय, ते जर्मन. अजून सुकलं नाय. परत ठेव."

मग मूठ ओट्यावर ठोकून दाखवलीन. टक टक. लाकूड होतं.

आधी तो दाभोळच्या खाडीत गलबतांची शिडं शिवायचा. गलबतांना इंजिनं आली, शिडं गेली, म्हणून बहारीनला आला नि मनामातल्या एका दुकानात साहेबलोकांच्या पिस्तुलांना कमरेची चामड्याची म्यानं शिवायला लागला. त्याची रीत अशी, की पिस्तुलाच्या मापाचं लाकूड कोरायचं, त्यावर ओलं चामडं ताणायचं नि हळूहळू सुकवायचं. उन्हात तडकतं. वाऱ्यावर ठेवावं तर तिथली हवा खारट, दमट, आठ दिवस ओलंच. तांदूळ मात्र पाणी ओढतो. जेवणारे महिनाभर म्हणत होते, काकी, भाताला नव्या चपलेचा वास येतो. मी दुकानदाराला शिव्या घालत होते.

डब्यातून आणखी दोन निघाली. एक इटलीचं, एक ऑस्ट्रियाचं. कंपन्यांची नावं त्याला पाठ होती, माझ्या जिभेवर ती बसली नाहीत. तिघांबद्दल बोलायचा ते मुलाला स्थळं आल्यासारखं. जर्मन खानदानी, पण अंगानं जड. ऑस्ट्रियाचं हलकं, पण सगळे कोपरेच कोपरे. इटलीचं गोल, नाकीडोळी नीटस, स्वभाव बघायचा राहिलाय.

गिऱ्हाईक होतं हमद टाउनचा एक रिटायर साहेब. लायसन होतं, पैसा होता, छोटं पिस्तूल हवं होतं, पण कुठल्या कंपनीचं ते ठरेना. दुकानात जो तो त्याला गोळ्या किती नि निशाणा कसा ते सांगायचा. कासमभायनं आयुष्यात टिकलीचं पिस्तूल उडवलेलं नाही. त्यानं साहेबाला सांगितलंन, "उडवायचं कधी? इंशाल्ला, कधीच नाय. बाळगायचं मातर रोज. मग टोचतंय काय ते बघा."

ते बघायला त्याला कमरा हव्या होत्या. साहेबाचं पोट रोझीएवढं. रोझी म्हणाली, अंकल, माझ्या कमरेचं असं वर्णन करू नका, बांधा मुकाट्यानं. चार दिवस आम्ही दोघी ती लाकडी पिस्तुलं लावून कामं केली. मासे साफ करायला बसले तर जर्मन बरगडीत घुसलं. ऑस्ट्रियाच्या कोपऱ्यानं रोझीला वळ उठला.

इटलीचं लावून मी पोळ्या केल्या, धुणं केलं, नि तशीच कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरला, म्हणजे तिथल्या वाण्याकडं, गेले. ओचा कमरेला खोचलेला, मूठ बाहेर. दुकानदारानं मला न मागता, फुकट कढीपत्ता दिलान, कोथिंबीर दिलीन, पुदिना दिलान. घरी येऊन हात कमरेला लागला तेव्हा कळलं, तो एवढा दिलदार का झाला ते. कासमभाय खूश. "विसरलीस ना? मग तेच." साहेबानं इटलीचं घेतलंन.

पण माझ्या मनातून एक जाईना. कासमभायच्या स्वतःच्या कमरेला, शर्टाखाली, कायम एक म्यान असायचं. विचारलं तर मफी, मफी, काय नाय, म्हणून शर्ट ओढायचा. रोझी म्हणाली, ते लाकूड नसणार. शेवटी एका शुक्रवारी मी सांगितलं, "उघडून दाखवा, नायतर खोली सोडा. मला मुलं आहेत."

त्यानं पट्टा सोडलान नि म्यान ओट्यावर ठेवलंन. मला धीर होईना. रोझीनं उघडलंन.

आत अडकित्ता होता. पितळी मुठीचा, झिजलेला. त्याच्या बायकोचा.

ती सुपारी कातरायची, हा खायचा. ती आजारी पडली तेव्हा याचा पासपोर्ट मालकाकडं. सुट्टी मिळाली तोवर ती जाऊन चाळिसावा दिवसही होऊन गेला होता. तेव्हापासून सुपारी तोंडात घातली नाही. खाली बघत म्हणाला, "बारा म्यानं शिवली हिच्यासाठी. पयली अकरा टोचली."

खोली सोडा हे शब्द मला परत गिळता आले नाहीत. त्या दिवशी त्याला भात जास्त वाढला, एवढंच.

दोन वर्षांनी तो कायमचा निघाला. मी पोचवायला गेले होते. विमानतळावर तपासणीच्या दारात शिपायाला शर्टाखालचा फुगवटा दिसला. पातं आहे, विमानात नेता येणार नाही, म्हणाला. पेटी तर पुढं गेलेली. कासमभाय मागं आला नि म्यान माझ्या हातात दिलंन. "बाय, सुट्टीवर येशील तेव्हा आण. साड्यांच्या मधे ठेव."

मला सुट्टी मिळाली आणखी दोन वर्षांनी. दाभोळला गेले तर घराला कुलूप. त्याची मुलगी नफिसा त्याला सासरी घेऊन गेली, एवढंच शेजारी सांगत. कोणी खेडकडं म्हणे, कोणी मुंब्र्याला.

आता मी गुहागरलाच असते. अडकित्त्याला तेल लावते. म्यान अधूनमधून कमरेला लावून बघते. टोचत नाही.

दाभोळच्या कासमभाय चामडेवाल्याची नफिसा कोणाच्या ओळखीची असेल, तर तिला सांगा, तुझ्या आईचा अडकित्ता गुहागरला शेवंताकाकीकडं आहे. येऊन घेऊन जा.