भिवराक्काचा शॉर्टवेव्ह

एका जंगलात भिवराक्का नावाची म्हातारी टिटवी राहत होती. मुलांनो, खाली बसून ऐका. डोकी पिकली असली तरी खालीच बसा.

टिटवी ओरडली की अपशकुन होतो, अशी त्या जंगलाची ठाम समजूत. म्हणून पंचांनी भिवराक्काच्या लेकाला, येसबाला, हाकलून दिलं होतं. तो सातासमुद्रापार गेला. तिथं त्याच आवाजावर त्याला रेडिओवर बातम्या वाचायची नोकरी लागली. रोज दिवेलागणीला, शॉर्टवेव्हवर.

आईला आता एकच ध्यास. लेकाचा आवाज ऐकायचा.

दगडू कोल्ह्याच्या दुकानात दोन जुने रेडिओ होते. एक सागवानी, चकचकीत. दुसऱ्याची पेटी सुतळीनं बांधलेली.

जुनी वस्तू गजाबापू रेड्याला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही, असा तिथला रिवाज. बापूंची सारी हयात बैलबाजारात गेलेली. त्यांनी सागवानीच्या पाठीवरून शेपूट फिरवलं. दात मोजावेत तशी बटणं मोजली.

"आठ. आठ दातांच्या बैलासारखा पुरा जुळलेला आहे. लाकडात भोवराही शुभ. अक्का, डोळे मिटून घे."

"डोळे मिटते, बापू. पण मला कानांनी ऐकायचंय. लावा की जरा."

"घरंदाज वस्तूला असं चारचौघांत बोलायला लावतात होय?"

अक्का खमकी. दिवेलागण होईस्तोवर हलली नाही. मग तिनं चोचीत तार धरून बाभळीच्या शेंड्याला बांधली. सेल घातले. तारेचं दुसरं टोक सागवानीला जोडलं.

हूं नाही की चूं नाही.

"स्वभाव बघ किती शांत!" बापू म्हणाले.

अक्कानं तेच सेल सुतळीवाल्यात घातले, तीच तार त्याला जोडली. खरखर झाली. शिट्टी वाजली. आणि मग—

"टिटिव् टिव्! नमस्कार. बातम्या देत आहे येसबा."

दुकानात एकच पळापळ. कोल्हा फळीखाली शिरला. बापू दारातच अडकले.

"खोडीचा आहे! अपशकुनी! बाहेर काढा त्याला!"

अक्कानं रेडिओ पंखांत गच्च धरला. येसबा तिकडचं पाऊसपाणी सांगत होता. आवाज जरा बसला होता.

"सर्दी झालीय मेल्याला," ती म्हणाली, आणि डोळे पुसले.

"अक्का, फुकट ने, पण ही पीडा ने!" फळीखालून कोल्हा ओरडला.

"नेते. आणि बाहेर ये. बातम्या संपल्या."

सागवानी रेडिओ आता पंचांच्या चावडीत आहे. त्याला रोज हार घालतात. त्यानं आजवर कुणाला उलट उत्तर दिलेलं नाही.

तात्पर्य : जुना रेडिओ घेताना जाणकाराचा सल्ला अवश्य घ्यावा. तो ज्याला नावं ठेवील, तोच उचलावा.