निर्झरचं खरं नाव

“आज काहीही होवो, मी माझं खरं नाव लावणारच!” प्लंबरनं आरशातल्या स्वतःला ठणकावून सांगितलं आणि मिशीला पीळ भरला. मिशी नव्हती, तरी भरला!

गोष्टच तशी होती. दिवसभर लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे करणारा हा गडी फावल्या वेळात ओव्या रचायचा आणि फोनवरून ‘निर्झर’ या टोपणनावानं जगासमोर सोडायचा. प्लंबरच्या ओव्या कोण वाचणार, ही धास्ती! पण निर्झरची सगळ्यात मोठी चाहती निघाली त्याचीच बायको. जेवताना एक घास, एक ओवी! “कसं लिहितो हो हा माणूस! याची बायको किती सुखात असेल!” आणि लगेच समोरच्या नवऱ्याला, “तुम्ही मीठ सरकवा जरा.”

प्लंबर स्वतःवरच जळून कोळसा झाला होता. ही वाहवा त्याला त्याच्या नावानं हवी होती, आणि तिच्याच तोंडून!

त्यानं नवं खातं उघडलं. खरं नाव, खांद्यावर पाना टाकलेला खरा फोटो आणि खाली ताजी ओवी.

गहजब झाला! “चोर!” “निर्झरची नक्कल!” “पाइप जोडा, शब्द कशाला जोडता?” आणि सगळ्यांच्या पुढे बायको! तिनं लिहिलं, “या माणसाला मी लग्नापासून ओळखते. याची शुभेच्छापत्रंसुद्धा मी लिहून देते!” संध्याकाळच्या आत तक्रारींचा एवढा ढीग पडला की नवं खातंच बंद झालं. कारण दिलं होतं : ही व्यक्ती खोटी आहे.

पण गडी हटेना! फोन घेऊन तडक स्वयंपाकघरात. “हे बघ, निर्झरचं खातं. माझ्या फोनात! आता तरी पटलं?”

बायकोनं कपाळावर हात मारला. “अगंबाई! त्या बिचाऱ्याचं खातंही चोरलंत?”

“अगं, मीच तो! विषय दे, उभ्या उभ्या रचतो!”

“बरं. या बादलीवर रचा.”

प्लंबरनं बादलीकडे पाहिलं, मग बायकोकडे. आवाज आपोआप हळवा झाला.

“रिकामी बादली, धारेची वाट पाहे,
तुझ्या एका हाकेनं, घर हे भरून वाहे.”

गॅसवरचं दूध उतू गेलं, तिला पत्ताच नाही. “अहो... खरंच तुम्ही?” डोळे भरले, गाल लाजले. प्लंबरची छाती गच्चीवरच्या टाकीएवढी फुगली!

बायकोनं डोळे पुसले. फोन उचलला. बोट वर-खाली फिरलं आणि एका जागी थांबलं.

“मग ही कोण?

‘कुरळ्या बटांची, जिन्यात भेटे राणी,
पाहता तिच्याकडे, तहानेला सुटे पाणी.’

आपल्या घराला जिना नाही. माझे केस दोरीसारखे सरळ!”

“अगं, कवितेत तसं लिहावं लागतं...”

“कोण लावतं लिहायला? ती?”

तिनं गॅस बंद केला. हे लक्षण चांगलं नव्हतं.

प्लंबर निग्रहाचा माणूस. त्यानं निश्चय बदलला, पण जोर तोच ठेवला! “खातं चोरलंय गं मी! तुझंच बरोबर होतं!”

“आणि बादलीची ओवी?”

“तीही त्याचीच! पाठ करून आलो होतो!”

हे मात्र तिला लगेच पटलं.