समतोल शस्त्रक्रिया

रुग्णालयाच्या प्रवेशद्वारात दोन पाट्या आहेत. एकीवर रुग्णांचे हक्क, दुसरीवर रुग्णालय चालवणाऱ्या धार्मिक संस्थेची श्रद्धा. कुणाला कमी-जास्त वाटू नये म्हणून दोन्ही एकाच मापाच्या.

इथे एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी अर्ज दिला. तिसरं बाळंतपण पोट उघडूनच व्हायचं आहे, तर त्याच वेळी दोन्ही गर्भनलिका बांधाव्यात. सोबत हृदयतज्ज्ञांची चिठ्ठी होती : झडप खराब, पुढचं गर्भारपण जिवावर बेतेल. संस्थेच्या श्रद्धेत मात्र नलिका बांधणं निषिद्ध. आणि दुसरं रुग्णालय पाच तासांवर.

समिती बसली. तीन तास चर्चा झाली. विषय नाजूक असल्याने बाईंना बाहेर बाकावर बसवलं होतं. ठराव झाला : उभय बाजूंचा आदर राखून एकच नलिका बांधण्यात यावी. उजवी रुग्णाच्या हक्काची, डावी संस्थेच्या श्रद्धेची.

"अहो साहेब," नवरा म्हणाला, "घराला दोन दारं आणि कडी एकालाच?"

"तुम्ही फक्त तुमच्या घराचं बघताय," अधीक्षक समजुतीने म्हणाले. "आम्हाला सगळ्यांच्या भावना सांभाळायच्या असतात."

"भावना नंतर सांभाळा हो, आधी सुनेला सांभाळा!" सासूबाई कडाडल्या.

"आजी, हळू. हे शांतता क्षेत्र आहे."

बाई एवढंच म्हणाल्या, "पुन्हा दिवस गेले तर मी वाचत नाही, साहेब."

अधीक्षकांनी नोंद केली : रुग्ण अंशतः समाधानी.

शस्त्रक्रिया ठरावाबरहुकूम पार पडली. वर्तमानपत्रांनी अधीक्षकांच्या मध्यममार्गाचं कौतुक केलं.

सव्वा वर्षाने बाई धापा टाकत परत आल्या. तिसरा महिना होता. तातडीने चौकशी झाली. गर्भ डाव्या नलिकेकडूनच आल्याचं निष्पन्न झालं. उजवीने कर्तव्यात कसूर केली नव्हती.

"आता तरी हिला मोकळी करा," नवरा हात जोडून म्हणाला. "की गर्भपातही अर्धाच करणार?"

सूचना समितीपुढे ठेवण्यात आली. बैठक पाचव्या महिन्यात लागली. बाई चौथ्यातच गेल्या.

संस्थेने दोन मिनिटं मौन पाळलं. एक हक्कासाठी, एक श्रद्धेसाठी.

त्या मध्यममार्गाची बातमी तुम्हीही वाचली होती. "चला, कुणाचंच मन दुखावलं नाही," असं म्हणून तुम्ही पान उलटलंत.