संगणकमुक्त तासाची संगणकीय नोंद

मुलांचा विकास ही गोष्ट मुलांवर सोपवून चालत नाही, हे आता सर्वत्र मान्य झाले आहे. पूर्वी मुले आपापली वाढत. कोण किती वाढले, याचा पत्ता चपला लहान झाल्याखेरीज कुणाला लागत नसे. ही अंदाधुंदी आमच्या शाळेने मोडून काढली, आणि पालक समितीचा सचिव या नात्याने मला त्याचा अभिमान आहे.

झाले असे की, संगणकापुढे बसून बसून मुलांच्या माना वाकतात, डोळे चुरचुरतात आणि हाक मारली तरी ती वर बघत नाहीत, अशी तक्रार आली. (शेवटचे लक्षण बऱ्याच वडिलांतही आढळले. पण वडिलांचा विकास समितीच्या कक्षेत येत नाही.) तेव्हा रोज संध्याकाळचा एक तास 'संगणकमुक्त' जाहीर झाला. या तासात मुलांनी पळावे, पडावे, भांडावे आणि विनाकारण हसावे, असे परिपत्रकात स्पष्ट लिहिले होते.

प्रश्न आला अंमलबजावणीचा. मूल संगणकापुढे बसले असेल तर ते दिसते. बसलेले नाही, हे कसे दिसणार? यावर आमच्या संगणक शिक्षकांनी रात्रंदिवस खपून एक प्रणाली तयार केली. दर दहा मिनिटांनी घरच्या संगणकावर घंटा वाजते. मुलाने धावत येऊन कॅमेऱ्यापुढे चेहरा धरायचा आणि पालकाने 'मूल संगणकापुढे नाही' हे बटण दाबायचे. घंटा चुकली की तास बाद. इतकी साधी गोष्ट होती.

सर्वांत आधी नाव नोंदवले ते आमच्या चष्मेवाल्यांनी. (ते चष्मे विकतात आणि एका मुलीचे वडीलही आहेत, त्यामुळे डोळ्यांच्या प्रश्नात त्यांना दोन्ही बाजूंनी रस आहे.) त्यांची मुलगी भिंगरी तिसरीत. खरे नाव हजेरीपटावर आहे, पण त्याला ती ओ देत नाही. तिच्याकडे आतेबहिणीची जुनी सायकल आली होती. भिंगरीचे गुडघे हँडलला लागायला लागले की सायकल धाकट्या मावसभावाकडे जायची, असे ठरलेले. त्याआधी सायकल शिकायची आणि मागच्या गल्लीला एक पूर्ण फेरी मारायची, एवढाच भिंगरीचा कार्यक्रम होता. मागून सीट धरायला एक माणूस हवा होता. आई परिचारिका, तिची संध्याकाळची पाळी. राहता राहिले बाबा.

पहिल्या दिवशी बापलेक सायकल घेऊन दोन जिने उतरले. बाबांनी सीट धरली, चार पावले पळाले, आणि वरच्या खिडकीतून घंटा ऐकू आली.

"बाबा, अजून एकदाच! तू फक्त मागून धर ना."

"अगं, घंटा झाली. चुकली तर तास जाईल."

"जाऊ दे की."

"असं कसं? तुझ्याच विकासासाठी चाललंय ना हे सगळं?"

दोन जिने वर, चेहरा, बटण, पुन्हा दोन जिने खाली. आठवडाभरात चष्मेवाल्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. तेव्हा त्यांनी सायकलच वर आणली आणि संगणकाच्या टेबलाशेजारी स्टँडवर लावली. भिंगरी पेडल मारी. बाबा खुर्चीत बसून एका हाताने सीट धरत, दुसऱ्या हाताने बटण दाबत. सायकल जागची हलत नसल्याने पडण्याचे प्रमाण शून्यावर आले. समितीने या प्रयोगाचे अभिनंदन केले.

सगळेच पालक इतके प्रामाणिक नव्हते. एका घरी थोरल्याच्या जागी धाकट्याला उभे करत, त्यामुळे प्रणालीत मुलाची उंची उतरत चालल्याची नोंद झाली आणि डॉक्टरांना बोलवावे लागले. असले प्रकार थांबावेत म्हणून घंटा दर पाच मिनिटांनी केली, मग दर दोन मिनिटांनी. शेवटी अनुभवाने असे ठरले की, मूल संगणकापुढे नाही याची पक्की खात्री हवी असेल, तर त्याने पूर्ण तास संगणकापुढेच बसावे. कंटाळा येऊ नये म्हणून पडद्यावर मैदानात खेळणाऱ्या मुलांची चित्रफीत दाखवण्यात येऊ लागली. (ती शैक्षणिक असल्याने वापरात धरली जात नाही.)

निकाल उत्साहवर्धक आहेत. संगणकमुक्त तासातील संगणकाचा वापर: शून्य टक्के. खरचटलेले गुडघे: शून्य. शेकडा चाळीस मुलांना चष्मा लागला, म्हणजे मुलांच्या डोळ्यांकडे आता नीट लक्ष दिले जात आहे.

वार्षिक समारंभात 'मैदानी विकास' गटात भिंगरी पहिली आली. मुख्याध्यापिकाबाईंनी पदक घालून माइक तिच्यापुढे धरला. "मग, सायकल शिकलीस की नाही?"

"नाही. सायकल गेली. माझे गुडघे लागायला लागले."

"अगं, पण एवढे दिवस बाबा रोज तुझ्याबरोबर होते ना?"

"हो. बाबा होते. पण ते माझ्याकडे बघत नव्हते."

सभागृहात टाळ्या पडल्या. (टाळ्यांची वेळ कार्यक्रमपत्रिकेत ठरलेली होती.) चष्मेवाले तेव्हा मोबाइलवर चित्रण करण्यात गुंतले होते, त्यामुळे हे उत्तर त्यांनी घरी गेल्यावर ऐकले. पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकले आणि जेवायला उठलेच नाहीत, असे त्यांची पत्नी सांगत होती. खरे सांगायचे तर मलाही ते ऐकून वाईट वाटले. पण वाईट वाटल्याची नोंद प्रणालीत कुठे करायची, हे संगणक शिक्षकांनाही सांगता आले नाही.

हा वृत्तांत मुद्दामच आटोपशीर लिहिला आहे, कारण मुलांच्या विकासाबद्दल आवर्जून वाचणाऱ्या पालकांना वेळ कमी असतो. तरीही वाचता वाचता कुणी तुमची बाही ओढली असेल, 'चल ना' म्हटले असेल, आणि तुम्ही मान वर न करता 'एवढं वाचून होऊ दे' म्हणाला असाल, तर हरकत नाही. आता वाचून झाले आहे. बाही अजून कुणी धरून ठेवली आहे का, तेवढे बघा.