मामाच्या पावडरीचा गुण

शिंप्याच्या उजव्या हातातून कात्री पुन्हा गळून पडली, तेव्हा मेहुण्याने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

"मुळीची पावडर आहे, दाजी. मेंदूचा झटका आलेले याने उठून चालायला लागतात. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय."

शिंप्याची मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. तिने विचारलं, "कोणावर सिद्ध केलंय, मामा?"

"उंदरांवर."

"आणि माणसांवर?"

"उंदीर बरा होतो, मग माणसाने काय घोडं मारलंय?"

"उंदरांना कापड बेतायचं नसतं. माणसांवरच्या चाचण्या थोड्या, त्याही लहान. शिवाय बाबांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. रक्तस्राव झाला तर निस्तरायचं कोणी?"

डॉक्टरही नकोच म्हणाले. मामा रुसला. भावाचं मन मोडवेना, म्हणून आईने मधला मार्ग काढला. पावडर फेकली, डब्यात भाजलेलं पीठ आणि पिठीसाखर भरली, आणि रोज सकाळी मामाच्या देखत त्यातलं चमचाभर पेल्यातल्या पाण्यात कालवून नवऱ्याला देऊ लागली. हे तिने कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. मधल्या मार्गाने चालणाऱ्याच्या अंगावर दोन्हीकडची धूळ उडते, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

हाताचे व्यायाम मात्र मुलगी समोर उभी राहून करून घेई. शिंपी कुरकुरे, चिडे, पण करी. काही महिन्यांनी त्याने एक बाही सरळ कापली. कापून झाल्यावर बराच वेळ तो आपल्या बोटांकडे बघत बसला.

मामाने गल्लीभर दवंडी पिटली. संध्याकाळी सुताराची बायको दारात उभी.

"आमच्या ह्यांनाही झटका आलाय. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, पण हात उचलत नाही. थोडी पावडर द्या ना."

"थोडी कशाला? नवा डबाच आणतो," मामा चपला घालू लागला.

आईचा चेहरा उतरला. "अरे, थांब. आणू नकोस. या डब्यात पीठसाखर आहे. पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे दाजी पीठसाखरेने बरे झाले?"

शिंपी खाकरला. "ती तरी मी कुठे प्यालो? मला वाटलं, तुझीच पावडर. पेला घेऊन खिडकीशी जायचो आणि तुमच्याकडे पाठ करून कुंडीत ओतायचो."

"तरीच एवढ्या मुंग्या," आई म्हणाली.

मामा चपलांसकट स्टुलावर बसला. "आणि मी त्या सुताराला खरीच पावडर देणार होतो," तो हळूच म्हणाला.

सुताराच्या बायकोने एकेकाकडे पाहिलं. "मग यांना गुण आला कशाने?"

"डॉक्टरांच्या गोळ्या, व्यायाम आणि वेळ, असं मला वाटतं," मुलगी म्हणाली. "डॉक्टरांना विचारून उद्या काकांना घेऊन या, काकू, मी व्यायाम दाखवते. पावडरीचं छातीठोक सांगायचं, तर बाबांसारखे पुष्कळ बाबा लागतील. अर्ध्यांना पावडर द्यायची, अर्ध्यांना नाही, आणि मग ताडून बघायचं."

"पुष्कळ?" आईने रिकामा पेला उचलला. "नको गं बाई. या एकालाच सांभाळताना मी मेटाकुटीला आलेय."