मुखरूच्या रक्तात साखर शिरेना

नागपूरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या गुणवंतरावांनी उन्हाळ्याच्या सुटीत बालमित्र मुखरूकडे मुक्काम ठोकला. आठवड्याभराने त्यांनी ओसरीवर सूक्ष्मदर्शक आणि सोबत आणलेला ग्लुकोजचा डबा मांडला आणि मुखरूच्याच बोटाला सुई टोचली. माणसाच्या रक्तपेशी ग्लुकोजच्या दाट पाण्यात आधी आकसतात. मग साखर आत शिरते, तिच्यामागून पाणी शिरते आणि त्या पुन्हा फुगतात. मुखरूच्या पेशी मात्र आकसल्या त्या आकसूनच बसल्या.

"मुखरू, तुह्या रक्तात साखर शिरतच नाई!" गुणवंतराव आनंदाने ओरडले. असे रक्त जगात दुसरे नसेल, असेही त्यांनी ठोकून दिले. खात्रीसाठी आणखी कोणाचे तरी रक्त तपासायला हवे होते. पण शोध लागलेल्या माणसाला एवढे कुठे सुचते!

मुखरूला घाम फुटला. नदीपलीकडच्या रामाजींच्या रुखमाशी त्याचे लग्न चारच दिवसांपूर्वी ठरले होते आणि पोरगी त्याच्या मनात भरली होती.

"हे लेकरायत उतरन काय?"

"उतरू शकते," गुणवंतराव ऐटीत म्हणाले.

त्याच आठवड्यात लग्न मोडले. मुखरू कोणाशी काही बोलेना. रामाजींनीच मोडले, असे घरचे धरून चालले. तेव्हा त्याची वहिनी वच्छला डोळ्यांना पदर लावून गुणवंतरावांपुढे आली.

"रामाजीभाऊ पोरगा पाह्याले आले तवा घरात साखर नोहोती. तुमच्या डब्यातली भुकटी शरबतात टाकली. मंग लाज वाटली, म्हणून बाजारातली साखर कुटून डबा भरून ठेवला."

गुणवंतरावांनी कपाळावर हात मारला. बाजारातली साखर कोणाच्याच रक्तपेशीत शिरत नाही! नागपूरहून ग्लुकोजचा नवा डबा मागवला. या वेळी मुखरूच्या पेशी आकसल्या आणि बघता बघता टम्म फुगल्या. आपण काय करून बसलो, या विचाराने गुणवंतरावांना जेवण जाईना. ते तडक रामाजींकडे गेले. अंगणातला मांडव उतरवणे चालू होते.

"रुखमाचं लगन झालं, साहेब," रामाजी म्हणाले.

"पण तुम्ही मोडाची घाई काऊन केली? पोराचं रक्त चांगलं आहे!"

"आमी कुठी मोडलं? मुखरूच हात जोडून गेला. पोरीचं वाटोळं नोको, म्हणे. रुखमा रडून रडून सांगत होती, साखर नाई शिरत तं नोको शिरू, मले हाच पाह्यजे. मीबी म्हटलं, साहेबाची चूक झाली असन. तं माह्यावरच चिडला. म्हणे, गुणवंता चुकत नाई."