आत्मारामकाकांचा तरुण सिनेमा

"तरुणांसाठीचा सिनेमा मी ठरवून टाकलाय!" मंडळाचे आत्मारामकाका म्हणाले आणि उर्जा सावध झाली.

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मराठी मंडळात तरुण मंडळी फिरकेनाशी झाली होती. गणपतीत यायची ती मोदकापुरती, आणि मोदक तोंडात असतानाच सायकली काढायची. म्हणून उर्जाने युवा शाखेचं खूळ काढलं. दहावीतली मुलगी भर सभेत उभी राहून बोलली, तेही चक्क मराठीत, म्हणून समितीने टाळ्या वाजवल्या आणि तिला सिनेमा दाखवायला एक रविवार दिला. एकच! पोरं आली आणि रमली तर शाखा सुरू, नाहीतर रविवार पुन्हा ज्येष्ठांच्या अंताक्षरीला. उर्जाने तर उत्साहाच्या भरात शाळेतल्या अख्ख्या वर्गाला बोलावून ठेवलं होतं.

"कुठला सिनेमा, काका?"

"हॉलिवूडचा. विनोदी. बंड, संगीत, तरुणाई, सगळं आहे त्यात."

"कधीचा?"

"तसा एकोणीसशे अडुसष्टचा. पण तेव्हा खास तरुणांसाठीच काढला होता गं!"

उर्जाने फोनवर शोधलं. साठी उलटलेला एक जाडजूड नट लांब केसांचा टोप आणि गळ्यात मण्यांच्या माळा घालून झाडाला मिठी मारत होता. बँकेचा मोठा साहेब, घर सोडून गेलेल्या मुलीला परत आणायला हिप्पी होतो, अशी गोष्ट. खाली कुणीतरी लिहिलं होतं, की हा सिनेमा तरुणांना खूश करायला काढला, तेव्हा तरुण आले नाहीत, आणि म्हातारे आले ते मध्यंतरात घरी गेले.

"अहो काका, हा तेव्हाही आपटला होता!"

"काळाच्या पुढे असणार."

"रद्द करा ना!"

"थिएटरच्या फेरट्रागवर, करारावर, सही केलीय मी. या देशात एक वेळ लग्न मोडेल, पण करार मोडायचा नाही."

तरी उर्जाने किनोला, म्हणजे त्या थिएटरला, फोन केलाच. पलीकडच्या गृहस्थांनी अत्यंत नम्रपणे सांगितलं, की रद्द करता येईल, मात्र महिनाभर आधी, लेखी, टपालाने. कार्यक्रम येत्या रविवारी होता.

तिचा पडलेला चेहरा बघून काकांना वाटलं, वातावरणनिर्मिती कमी पडतेय. त्यांनी लगेच मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, 'ज्येष्ठांनी हिप्पी वेशात यावे. सक्ती नाही, पण यावेच.'

थोड्याच वेळात त्यांच्या बायकोचा, स्नेहलताकाकूंचा, उर्जाला फोन.

"अगं, मी यांच्यावर ओरडले, म्हटलं हिप्पी कपडे आणायचे कुठून? मग कपाट उघडलं, तर सगळं हजर! झब्बे, शबनम पिशवी, रुद्राक्षाची माळ. हे हिप्पी म्हणजे आमचं कॉलेजचं गॅदरिंगच की गं!"

रविवारी वर्ग आला. किनोच्या दारात झब्बे आणि शबनमवाल्यांची फौज उभी होती. काकांनी तर टकलावर गजरा बांधला होता.

"तुमचे लोक नेहमी असेच असतात?" उर्जाची मैत्रीण लिओनी जर्मनमधून म्हणाली.

"हो... म्हणजे, आज जरा जास्तच."

सिनेमा सुरू झाला. जर्मनमध्ये डब केलेले विनोद पडद्यावरून निघायचे आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचायच्या आत मरायचे. हळूहळू अंधारात फोन उजळायला लागले. उर्जा खुर्चीत खाली खाली सरकत गेली. संपलं! शाखा गेली, इज्जत गेली, सोमवारी वर्गात तोंड दाखवायचं कसं?

तेवढ्यात पडद्यावरच्या हिप्पींनी साहेबाच्या स्वागतासाठी 'पूर्वेकडचा पवित्र विधी' सुरू केला. एका सोनेरी केसांच्या बाईने त्याला ओवाळलं आणि वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती असावी तसा निरांजनाचा दिवा फू करून विझवला.

"अगं बाई! दिवा फुंकला हिनं!" स्नेहलताकाकू किंचाळल्या.

जर्मन किनोत लोक पॉपकॉर्नसुद्धा ओशाळून चावतात. सगळं थिएटर मागे वळलं.

"आणि ओवाळतेय कशी, डोसा पसरल्यासारखी!" शेजारून नीलिमाकाकू.

"त्यात उलटी! घड्याळाच्या विरुद्ध!" काका इंजिनिअर होते, त्यांना दिशेचं महत्त्व.

"काय म्हणतायत?" लिओनीने विचारलं. उर्जाने कानात सांगितलं. लिओनी फस्सकन हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं सांग ना!"

मग काय, उर्जा खुर्चीवर उभीच राहिली! काकू मराठीत बोलायच्या, उर्जा जर्मनमध्ये ओरडायची आणि वर्ग खिदळायचा. हिप्पींनी हातोड्याने नारळ फोडला तेव्हा स्नेहलताकाकू म्हणाल्या, "मेल्यांनो, शेंडी तरी ठेवायची!" नारळाला शेंडी असते हे समजावेपर्यंत पुढचे दोन प्रसंग निघून गेले, आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. फोन कधीच खिशात गेले होते.

शेवटी साहेब मुलीसाठी जंगी पार्टी ठेवतो. कोणीच येत नाही. तो टोप काढून एकटाच शेकोटीपाशी बसतो.

"बिचारा," काकू हळूच म्हणाल्या. "एवढा नटून बसला, आणि पोरं आलीच नाहीत."

उर्जाने तेही सांगितलं, पण जरा अडखळत. गजरा बांधलेले काका झब्ब्याच्या बाहीने डोळे पुसत होते.

मग लिओनी उठली आणि पडद्याकडे बघून ओरडली, "आम्ही आलोय की!"

"आलोय!" अख्खा वर्ग ओरडला. टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्ला! घाबरून आत आलेले किनोवाले गृहस्थ दारातच उभे राहून शेवटपर्यंत बघत राहिले.

युवा शाखा मंजूर झाली! पुढच्या महिन्याचा सिनेमा अर्थातच उर्जाने निवडला. एकदम नवा, गाजलेला, धडाधड गाड्या उडणारा. वर्ग पुन्हा हजर. ज्येष्ठही हजर, इस्त्रीच्या कपड्यांत, हात मांडीवर ठेवून.

गाड्या उडाल्या. इमारती कोसळल्या. मुलं चुळबुळायला लागली. लिओनीने उर्जाला कोपराने ढोसलं, मग पुन्हा ढोसलं. मागे कुणीतरी जांभई दिली, अगदी आवाज करून.

शेवटी उर्जा पुढे वाकून कुजबुजली, "काकू, प्लीज, काहीतरी बोला ना!"

स्नेहलताकाकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"श्श! मुलांचा सिनेमा चाललाय."